उचगाव मतदारसंघ गेला कुठं? एका पुसलेल्या रेघेची केस स्टडी

२०२३ च्या मतदानाच्या आदल्या दिवशी आमच्या तात्यांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांनी, मतदानाची चिठ्ठी माझ्याकडं सरकवली आणि म्हणाले, "वाच जरा, कन्नडमधलं मला कुठलं कळतंय." मी वाचली. नाव, वय, यादी भाग, शाळेची खोली, आणि वर मतदारसंघ: बेळगाव ग्रामीण. तात्या म्हणाले, "उचगाव न्हाई लिवलं व्हय?" मी म्हटलं, तात्या, उचगाव मतदारसंघ जाऊन पंधरा वर्षं झाली की. तर चष्मा काढून माझ्याकडं बघत म्हणाले, "गेला म्हंजे? गाव तर हितंच हाय."

हे पुढचं सगळं तात्यांच्या त्या प्रश्नाचं उत्तर आहे असं समजा. त्या दिवशी मला दोन वाक्यात देता आलं नाही, आणि नंतर जुने निकाल, कायदा, नकाशे बघत बसलो तेव्हा लक्षात आलं की दोन वाक्यात ते मावतही नाही.

आधी जागा डोळ्यासमोर आणा. बेळगावातून वेंगुर्ला रोडनं पश्चिमेला निघालं की हिंडलगा लागतं, पुढं उचगाव, आणि अजून पुढं गेलं की महाराष्ट्राचा चंदगड तालुका. हा सगळा पट्टा मराठी. उचगाव म्हटलं की बाहेरच्या माणसाला मळेकरणी देवी आठवते, नवसाचं बोकड आणि आंब्याच्या झाडाखालच्या पंगती. राजकारणातल्या माणसाला मात्र महाराष्ट्र एकीकरण समिती आठवते, म्हणजे हा मराठी सीमाभाग महाराष्ट्रात जावा म्हणून लढणारी संघटना. हिंडलग्याचं हुतात्मा स्मारक याच पट्ट्यात आहे, १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात गोळीबारात गेलेल्यांची आठवण म्हणून दर १ जूनला तिथं लोक जमतात. उचगाव मतदारसंघ हा समितीचा बालेकिल्ला, माजी आमदार मनोहर किणेकर इथलेच.

जुन्या हिशेबात बेळगाव तालुक्यात तीन ठळक मतदारसंघ होते. शहराचा बेळगाव, पश्चिमेचा उचगाव आणि पूर्वेकडं धारवाडच्या बाजूचा बागेवाडी. ढोबळमानानं शहर मिश्र, उचगाव मराठी, बागेवाडी कन्नड. या रेघा आणीबाणीच्या आगंमागं पडल्या, १९७१ च्या जनगणनेवर, आणि मग ४२ व्या घटनादुरुस्तीनं १९७६ साली सगळंच गोठवलं. १९७८ पासून २००४ पर्यंतच्या सगळ्या विधानसभा त्याच रेघांवर झाल्या. एवढ्या काळात माणसाला मतदारसंघ म्हणजे काहीतरी नैसर्गिक गोष्ट वाटायला लागते, नदी किंवा डोंगर असल्यासारखी. तात्यांची पिढी त्यातलीच.

मग २००२ चा परिसीमन कायदा आला, म्हणजे मतदारसंघांच्या हद्दी नव्यानं आखायचा, निवृत्त न्यायमूर्ती कुलदीप सिंह यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला, २००१ ची जनगणना पायाला घेतली आणि फेब्रुवारी २००८ मध्ये नवा नकाशा लागू झाला. त्याच मे महिन्यात कर्नाटकात विधानसभा निवडणूक झाली, नव्या रेघांवर झालेल्या अगदी पहिल्या राज्य निवडणुकांपैकी ती एक. उचगाव नाव यादीतून गायब. बागेवाडी पण गायब. त्यांच्या जागी बेळगाव उत्तर, बेळगाव दक्षिण, बेळगाव ग्रामीण असे तीन आले आणि काकती-कडोलीकडची गावं हुक्केरी तालुक्यातल्या गावांबरोबर जोडून यमकनमर्डी नावाचा नवा मतदारसंघ झाला, तो अनुसूचित जमातींसाठी राखीव.

२००८ चा निकाल: उत्तर काँग्रेस, दक्षिण भाजप, ग्रामीण भाजप, खानापूर भाजप. समिती शून्य.

इथपर्यंतची गोष्ट आमच्याकडं कुठल्याही चहाच्या टपरीवर ऐकायला मिळेल, आणि तिचा शेवट ठरलेला असतो: "मुद्दाम फोडलं आमाला." मी पण हेच म्हणत होतो बरीच वर्षं. आता तेवढ्या खात्रीनं म्हणत नाही. का, ते सांगतो.

रेघ अशीच का पडली

साधा हिशेब करा. २००१ ला कर्नाटकाची लोकसंख्या ५ कोटी २८ लाख, विधानसभेच्या जागा २२४, म्हणजे एका जागेला सरासरी २ लाख ३६ हजार माणसं. त्यात साधारण १० टक्के इकडंतिकडं चालवून घेतात. बेळगाव जिल्हा तेव्हा ४२ लाखांचा, भागून बघा, पावणेअठराच्या वर येतं, म्हणजे १८ जागा. आधी पण १८ च होत्या. जिल्ह्याला काही वाढून मिळालं नाही, काही गेलं पण नाही.

पण जिल्ह्याच्या आत माणसं हलली होती. एकट्या बेळगाव शहराची लोकसंख्या ४ लाखांच्या आसपास झालेली, आणि एवढ्या माणसांना आमदार मात्र एक. हे टिकणारच नव्हतं, शहराचे दोन तुकडे होणार हे कागदावर पेन्सिल टेकवायच्या आधीच ठरलेलं होतं. आता शहराला एक जागा वाढली आणि जिल्ह्याच्या जागा तेवढ्याच, तर ती जागा कुठूनतरी कमी व्हायलाच पाहिजे. ती शहराच्या आजूबाजूच्या खेड्यांतून कमी झाली. उचगाव आणि बागेवाडी या दोघांतून उरलेलं जे होतं त्याचा एक ग्रामीण झाला. कुणी द्वेषानं केलं असो वा नसो, पश्चिमेचा मराठी पट्टा आणि पूर्वेचा कन्नड पट्टा एका पोत्यात जाणार हे त्या गणितातच होतं.

दुसरी ओढ राखीव जागांची. कर्नाटकात अनुसूचित जमातींच्या राखीव जागा आधी फक्त २ होत्या, २००८ ला एकदम १५ झाल्या. आपल्या जिल्ह्यात आधी गोकाक राखीव होतं, ते खुलं झालं आणि यमकनमर्डी राखीव झालं. जमातीसाठीची जागा त्यांचं प्रमाण जिथं जास्त तिथंच ठेवायची असा नियम आहे, आणि तो योग्यच आहे. पण २ लाख ३६ हजाराचा आकडा भरायला शेजारची गावं लागतात, आणि शेजारी कोण, तर काकती, कडोली.

आता कायदा काय म्हणतो ते बघा, कारण गोम तिथं आहे. मतदारसंघ आखताना सलग भूभाग, नैसर्गिक रचना, महसुली हद्दी, दळणवळण आणि लोकांची सोय या गोष्टी बघायच्या. जात-जमातीच्या राखीव जागांसाठी लोकसंख्येचं प्रमाण बघायचं. भाषा? भाषेचा उल्लेखच नाही. म्हणजे भाषिक अल्पसंख्याकाला शाळेत, कागदपत्रांत घटनेनं काही हक्क दिलेत (ते मिळतात किती हा वेगळा विषय आणि त्यावर बोलायला बसलो तर रात्र होईल), पण नकाशाच्या टेबलावर त्याला खुर्ची नाही. महसुली सर्कल उचलायचं, इकडं ठेवायचं किंवा तिकडं. त्या सर्कलमध्ये लोक घरात काय बोलतात हे आयोगाला विचारायची गरजच नाही.

आणि हो, "दळणवळण आणि सोय" यावर माझा एक राग आहे तो सांगून टाकतो. उचगावहून हिरेबागेवाडीला जायचं तर आख्खं बेळगाव शहर मधून ओलांडून पुणे-बंगळूर हायवेला लागावं लागतं. दोन्ही गावं एकाच ग्रामीण मतदारसंघात. मधलं शहर दोन वेगळ्या मतदारसंघांत. शहराच्या भोवती टाचलेली गोधडी आहे ती, सलग म्हणायची तर म्हणा.

मग रेघेनं नेमकं काय केलं

इथं मला जरा वेगळं म्हणायचं आहे.

टपरीवरचं म्हणणं असं की मराठी मतं फोडली म्हणून समिती पडली. मी म्हणतो, रेघेनं मतं फोडली हे खरं, पण त्यापेक्षा मोठं काम तिनं वेगळंच केलं, तिनं समितीची भांडायची सोय काढून घेतली.

समजा, फक्त समजा हं, आकडे माझ्या मनाचे आहेत. जुन्या मतदारसंघात १०० मतदार, त्यात ६० समितीला मानणारे. समितीत भांडण झालं, दोन उमेदवार उभे राहिले, एकाला ३५ पडली, दुसऱ्याला २५. उरलेल्या ४० मध्ये दोन राष्ट्रीय पक्ष, एक २२ आणि एक १८. कोण आलं निवडून? ३५ वाला, म्हणजे समितीच. भांडण घरातलं घरात राहिलं, गुलाल आपलाच.

आता रेघ सरकली. १०० मध्ये समितीला मानणारे ४५ उरले. तेच भांडण, तेच दोन उमेदवार, २५ आणि २०. समोर ५५ मध्ये एकाला ३०, दुसऱ्याला २५. आला ३० वाला. समितीचे ४५ अजून तिथंच आहेत, सगळ्यात मोठा गठ्ठा तोच आहे, पण आमदार दुसऱ्याचा. आणि हेच ४५ एकत्र असते तर आरामात आले असते, अजूनसुद्धा.

म्हणजे जुन्या रेघेत फाटाफूट परवडत होती, नव्या रेघेत नाही. सवय मात्र जुनीच राहिली.

याला पुरावा काय? २०१३. नकाशा तोच, २००८ चाच, एक इंच हललेला नाही. दक्षिणमधून समितीचे संभाजी पाटील आले, खानापुरातून समितीचे अरविंद पाटील आले. रेघच सगळं ठरवत असती तर हे झालंच नसतं. आणि मग २०१८. समितीत दोन गट, दक्षिणला पण दोन उमेदवार, खानापूरला पण दोन. समिती पुन्हा शून्य. खानापुरात काँग्रेसच्या अंजली निंबाळकर ३६ हजारांच्या घरातल्या मतांवर आमदार झाल्या, आणि समितीच्या दोन्ही उमेदवारांची मतं एकत्र केली तर त्याहून जास्त भरत होती. त्या रात्री आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी ती बेरीज टाकली होती, फक्त दोन आकडे, अधिकचं चिन्ह, आणि खाली काहीच नाही. सकाळपर्यंत कुणी रिप्लाय दिला नाही. पाच-सहाशे फॉरवर्ड पडणारा ग्रुप तो.

प्रामाणिकपणे सांगायचं तर ही बेरीज सगळीकडं पुरत नाही. दक्षिणला २०१८ मध्ये भाजपच्या अभय पाटलांना जेवढी पडली त्याच्या जवळपाससुद्धा समितीची बेरीज जात नव्हती. ग्रामीणमध्ये तर विचारूच नका, लक्ष्मी हेब्बाळकर लाखाच्या वर गेल्या आणि किणेकर, जुन्या उचगावचे आमदार, २३-२४ हजारांवर थांबले. उचगावची माणसं तीच होती. फक्त आता ती मोठ्या पोत्यात तळाला गेली होती, आणि त्यातली बरीच दुसरीकडं वळलीही होती, ते कसं ते पुढं.

खानापूर मला या सगळ्यात फार उपयोगी वाटतं, कारण उचगावसारखी चिरफाड तिथं झाली नाही, मतदारसंघाचं नाव टिकलं, जांबोटी-कणकुंबी-नंदगड-लोंढा हा पट्टा एकत्र राहिला. तरी तिथं २००८ ला हार, २०१३ ला जीत, २०१८ ला हार, आणि २०२३ ला तर भाजपचे विठ्ठल हलगेकर पन्नास हजारांवर फरकानं आले आणि समिती पार मागं फेकली गेली. रेघ न बदलता एवढी उलथापालथ. म्हणून म्हणतो, सगळं रेघेवर ढकलू नका. उलट २०२३ ला दक्षिणमध्ये, जी जागा पूर्ण नव्यानं कापलेली, समितीनं एकच उमेदवार दिला, रमाकांत कोंडुसकर, आणि ते १२ हजारांच्या आसपास मतांनी पडले पण दुसऱ्या नंबरवर राहिले, राष्ट्रीय पक्षाला तिसऱ्यावर ढकलून.

खासदारकीचा नकाशा त्याहून भारी

विधानसभेवर सगळे बोलतात, लोकसभेच्या रेघेकडं कुणी बघत नाही. जिल्ह्यातल्या १८ जागा तीन खासदारांत वाटल्यात. ८ बेळगावला, ८ चिक्कोडीला, आणि खानापूर-कित्तूर या दोन उत्तर कन्नडला. म्हणजे खानापूरचा माणूस कारवार-भटकळ-शिरसीवाल्यांबरोबर खासदार निवडतो. २०२४ ला खानापूरच्या माजी आमदार अंजली निंबाळकर तिथून लोकसभेला उभ्या राहिल्या, समोर भाजपचे, शिरसीकडचे विश्वेश्वर हेगडे कागेरी, आणि निंबाळकर तीन लाखांवर फरकानं पडल्या.

आणि काकती? बेळगावातून कोल्हापूरकडं निघालं की हायवेवर पहिलंच मोठं गाव, पोरं कॉलेजला बेळगावात, बाजार बेळगावात, दवाखाना बेळगावात. पण विधानसभेला यमकनमर्डी, आणि यमकनमर्डी लोकसभेला चिक्कोडीत. काकतीत माझा एक मित्र आहे, तो म्हणतो, "आमी झोपतो बेळगावात, मत टाकतो चिक्कोडीत, आमचं मत कुठं पडतंय ते आमालाच कळना झालंय."

याचा परिणाम २०२१ च्या बेळगाव लोकसभा पोटनिवडणुकीत उघडा पडला. खासदार सुरेश अंगडींच्या निधनानंतर झाली ती. समितीकडून शुभम शेळके नावाचा तरुण उभा राहिला आणि १ लाख १७ हजारांवर मतं घेऊन गेला. भाजपच्या मंगला अंगडी आल्या, काँग्रेसच्या सतीश जारकीहोळींपेक्षा फक्त ५,२४० मतांनी जास्त. म्हणजे विधानसभेत तीनचार तुकड्यांत विखुरलेला मराठी मतदार लोकसभेच्या मोठ्या टोपलीत एकत्र मोजला की लाखाच्या वर भरतो, निकाल इकडचा तिकडं करू शकतो, पण निवडून येऊ शकत नाही. आणि लक्षात घ्या, त्या मोजणीत खानापूर नव्हतंच, काकती-कडोली पण नव्हती. आले असते तरी जिंकलो असतो असं मी म्हणत नाही, आकडा लांबच होता. पण तो १ लाख १७ हजार हा मराठी मतांचा पूर्ण आकडा म्हणून जो मिरवला जातो, दोन्ही बाजूंनी, तो पूर्ण नाही एवढंच.

लोकसभेवरून आठवलं. १९९६ ला समितीनं सीमाप्रश्नाकडं लक्ष वेधायला म्हणून याच बेळगाव लोकसभेला शेकड्यांनी उमेदवार उभे केले, एकूण ४५६. मतपत्रिकेचं अक्षरशः पुस्तक झालं. त्या साली देशात अशीच दोनतीन ठिकाणं गाजली आणि नंतर अनामत रक्कम ५०० वरून १० हजारांवर नेली. मी तेव्हा लहान होतो, तात्या सांगतात की भावकीतले दोघं उमेदवार होते आणि एकमेकांनाच मत मागत फिरत होते.

प्रतिनिधित्व म्हणजे काय धरायचं

आता इथं माझं मन दोन्हीकडं जातं. समितीचा आमदार नाही म्हणजे मराठी माणसाला प्रतिनिधी नाही, हे खरं का? बेळगाव उत्तरला २०१८ मध्ये भाजपचे अनिल बेनके आले, मराठी माणूस. निंबाळकर, हलगेकर, ही पण मराठी नावं. नव्या मतदारसंघात मराठी मतांशिवाय कुणाचंच भागत नाही, म्हणून राष्ट्रीय पक्ष मराठी उमेदवार देतात, मराठीत भाषण करतात, मराठी बोर्ड लावतात (रात्री कुणी काळं फासलं नाही तर). मार्च २०२३ मध्ये राजहंसगडावर शिवाजी महाराजांच्या एकाच पुतळ्याचं अनावरण तीन दिवसांच्या अंतरानं दोनदा झालं, आधी मुख्यमंत्री बोम्मईंच्या हातून, मग ग्रामीणच्या आमदार हेब्बाळकर आणि काँग्रेसवाल्यांकडून, आणि मग समितीनं जाऊन दुग्धाभिषेक घातला. जुन्या उचगावच्या काळात इथं एवढ्या जणांना गडावर चढायची गरज पडली नव्हती. मराठी मत हक्काचं कुणा एकाचं नाही म्हटल्यावर ते मागायला सगळे येतात, आणि त्यात मराठी माणसाचा फायदा पण आहे, रस्ते झालेत, देवळं झालीत, नाकारून चालणार नाही. आमच्या पट्ट्यातली मतं वळली ती अशीच.

पण पक्षाचा आमदार, मराठी असला तरी, विधानसभेत उभा राहून सीमाप्रश्नाचा स लावत नाही. मराठीतून कागदपत्रं द्या म्हणून सभागृह अडवत नाही. त्याचं तिकीट बंगळूरहून येतं, तो काय करणार बिचारा. म्हणजे रेघ सरकल्यावर मराठी माणूस विधानसभेत राहिला, त्याची मागणी बाहेर राहिली. दरवर्षी सुवर्णसौधमध्ये, म्हणजे बेळगावातल्या विधानसभेच्या इमारतीत, हिवाळी अधिवेशन भरतं तेव्हा समिती महामेळावा घ्यायला बघते आणि पोलीस अडवतात, ते चित्र म्हणजे हेच. जो आवाज आत असायचा तो आता गेटबाहेर आहे.

कोर्टात जायचं का, असं लोक विचारतात. आयोगाचा आदेश प्रसिद्ध झाला की त्याला कायद्याचं बळ येतं आणि त्याला कोर्टात आव्हान देता येत नाही, १९६६ च्या मेघराज कोठारी निकालापासून हेच चालत आलंय. २०२४ मध्ये गुजरातच्या बारडोलीच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टानं थोडी फट उघडली, आदेश उघडउघड मनमानी असेल तर कोर्ट बघू शकतं म्हणाले. पण उचगावचं मनमानी होतं हे सिद्ध कसं करणार, वर केलेलं गणित समोरचा वकील पाच मिनिटांत मांडेल.

खरी वेळ असते ती आधीची. आयोग मसुदा छापतो, हरकती मागवतो, जाहीर सुनावणी घेतो. राज्यातले पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य म्हणून बसतात, त्यांना मताचा अधिकार नसतो पण त्यांचं वेगळं मत मसुद्याबरोबर छापावं लागतं. अमुक सर्कल इकडं न घेता तिकडं घ्या, लोकसंख्या एवढी येते, रस्ता असा आहे, असं बोलायची जागा ती. भाषेचं नाव न घेता, सलगता आणि सोय या कायद्याच्याच शब्दांत बोलायचं. उचगाव ते हिरेबागेवाडी एसटी किती वेळ घेते हा तिथं चालणारा मुद्दा आहे, सीमालढ्याचा इतिहास नाही, कितीही पोटतिडकीनं सांगितला तरी.

जागांची संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठलेली आहे. शहर २००१ नंतर अजून फुगलंय, हिंडलगा आणि शहर यात आता शेत दिसत नाही. पुढच्या नकाशात कदाचित शहर अजून बाहेर सरकेल आणि हा पश्चिमेचा पट्टा शहराला चिकटेल, कदाचित अजून बारीक तुकडे होतील.

तात्यांना मी नंतर एकदा मोबाईलवर ग्रामीणचा नकाशा दाखवला, बोटानं मोठा करून. त्यांनी बराच वेळ बघितलं, मधलं मोकळं शहर, भोवतीचा वेढा. मग म्हणाले, "हे मधी भोक कशाला ठेवलंय?" मी म्हटलं, ते बेळगाव हाय तात्या. "मग आपण कुठं ऱ्हातोय?"